अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं बीपीडी: कोणता कागद केव्हा मागायचा

बाळ काचेच्या पेटीत असताना आईबापांना कागदपत्रं सुचत नाहीत. पण एनआयसीयूचं, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षाचं, बिल रोज वाढत असतं, म्हणून घरातल्या एकानं तरी हे काम पहिल्या आठवड्यातच हाती घ्यावं.

बीपीडी, म्हणजे ब्रॉन्कोपल्मनरी डिस्प्लेझिया, हा अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा फुफ्फुसाचा दीर्घकालीन आजार. 32 आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळात त्याची तीव्रता ठरते ती आईच्या शेवटच्या पाळीपासून मोजलेले 36 आठवडे भरतात त्या दिवशी. 28व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाचा हा दिवस जन्मानंतर आठ आठवड्यांनी येतो. 2001च्या वर्गीकरणात त्या दिवशी बाळाला ऑक्सिजन लागत नसेल तर सौम्य, 30 टक्क्यांपेक्षा कमी लागला तर मध्यम, 30 किंवा जास्त लागला अथवा दाबाचा श्वासाधार असेल तर तीव्र. 2019च्या वर्गीकरणात ऑक्सिजनची टक्केवारी धरत नाहीत, आधार कसला ते पाहतात: नाकातल्या नळीनं मिनिटाला दोन लिटरपर्यंत असेल तर पहिली श्रेणी, त्याहून जास्त प्रवाह किंवा सीपॅप (घशात नळी न घालता दाबानं हवा देणारं यंत्र) असेल तर दुसरी, घशात नळी घालून व्हेंटिलेटरवर असेल तर तिसरी. त्यामुळे एकच बाळ एका पद्धतीत तीव्र आणि दुसऱ्या पद्धतीत पहिल्या श्रेणीत बसू शकतं. डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘बीपीडी’ लिहून घेऊ नका. त्या दिवशीचा आधार, प्रवाह, ऑक्सिजनची टक्केवारी आणि कोणतं वर्गीकरण वापरलं, हे सगळं लिहून मागा. पुढच्या प्रत्येक डॉक्टरला तेच लागतं.

आता पैसे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांचं संरक्षण आहे. ते सगळ्या कुटुंबाचं मिळून असतं, म्हणजे जुळी असली तरी मर्यादा एकच. आधी रुग्णालय योजनेत आहे का ते विचारा आणि तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, गाठा. मंजुरीचा प्रस्ताव रुग्णालयच पाठवतं. रेशन कार्डावर बाळाचं नाव नसतंच, म्हणून जन्मदाखला, आईवडिलांचं आधार आणि रेशन कार्ड द्या. बारसं झालं नाही म्हणून जन्मनोंदणी अडवून ठेवू नका. 21 दिवसांत नावाशिवायही ती होते, नाव नंतर घालता येतं.

सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी बाळाचे उपचार वर्षभरापर्यंत मोफत आहेत. बीपीडीची बाळं पहिल्या वर्षात सर्दी-खोकल्यानंही पुन्हा भरती होतात, तेव्हा हे विसरू नका.

धर्मादाय रुग्णालयात 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड घेऊन तिथल्या समाजसेवकाकडे जा.

यांतलं काही लागू पडत नसेल तर मुख्यमंत्री सहाय्यता निधी. वार्षिक उत्पन्न 1.60 लाखांच्या आत असल्याचा चालू वर्षाचा दाखला, आईचं आधार, रेशन कार्ड, तपासण्यांचे अहवाल आणि खर्चाचं अंदाजपत्रक लागतं. खाजगी रुग्णालयाच्या अंदाजपत्रकावर जिल्हा शल्यचिकित्सकांची सही घ्यावी लागते. मदत रुग्णालयाच्या खात्यात जाते, म्हणून बाळ भरती असतानाच अर्ज करा. उत्पन्नाच्या दाखल्याला दिवस लागतात, तो सगळ्यांत आधी मागा.

घरी ऑक्सिजन लागणार असेल तर कॉन्सन्ट्रेटरचा, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणाऱ्या यंत्राचा, खर्च बिलाबाहेरचा. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी नको, आठवडाभर आधी डॉक्टरांची चिठ्ठी घ्या, त्यात प्रवाह किती ते लिहिलेलं असू द्या.