अणुथर-लेपनाची पार्श्वभूमी : सिलिका जेलपासून लिथियम बॅटरीपर्यंत

लिथियम-आयन बॅटरीतील कणांवर एक नॅनोमीटरहूनही पातळ लेप चढवून तिचे आयुष्य वाढवता येते. हा लेप ज्या तंत्राने चढवतात ते ॲटॉमिक लेअर डिपॉझिशन, म्हणजे एकेक अणुथर चढवण्याचे अणुथर-लेपन, मात्र बॅटरीसाठी शोधलेले नव्हते.

त्याची सैद्धांतिक बीजे सोव्हिएत रसायनशास्त्रज्ञ व्हॅलेंटिन आलेस्कोव्स्की यांच्या 1952च्या प्रबंधात सापडतात. पुढे 1960च्या दशकात लेनिनग्राडमध्ये स्तानिस्लाव कोल्त्सोव यांच्यासह त्यांनी सिलिका जेलवर टायटॅनियम टेट्राक्लोराइड आणि पाण्याची वाफ आळीपाळीने सोडून ऑक्साइडचे थर वाढवले. हे लेखन मुख्यतः रशियन भाषेत राहिले आणि बाहेरच्या जगाने त्याची दखल फार उशिरा घेतली, ही खेदाची गोष्ट आहे.

फिनलंडमध्ये तुओमो सुन्तोला 1974 साली स्वतंत्रपणे त्याच वाटेवर आले. त्यांना सपाट प्रकाशमान पडद्यांसाठी झिंक सल्फाइडचा निर्दोष थर हवा होता. जवळजवळ रिकाम्या प्रयोगशाळेत भिंतीवरची आवर्तसारणी पाहताना, दोन्ही मूलद्रव्ये एकदम न सोडता पाळीपाळीने सोडावीत, असे त्यांना सुचले. पृष्ठभागावरील मोकळ्या जागा भरल्या की अभिक्रिया आपोआप थांबते. उरलेला वायू काढून टाकला की दुसऱ्या द्रव्याची पाळी येते. असे पडदे 1983 साली हेलसिंकी विमानतळावर लागले, आणि 2007 साली इंटेलने 45 नॅनोमीटर चिपमध्ये हॅफ्नियमयुक्त थरासाठी हेच तंत्र वापरले.

बॅटरीच्या दृष्टीने निर्णायक काम 2010च्या सुमारास बोल्डर येथील कोलोरॅडो विद्यापीठात, स्टीव्हन जॉर्ज आणि से-ही ली यांच्या गटांकडून झाले. बॅटरीच्या धन इलेक्ट्रोडमधील लिथियम कोबाल्ट ऑक्साइड 4.5 व्होल्टपर्यंत चार्ज केल्यास विद्युत-अपघटनी द्रवाशी (दोन इलेक्ट्रोडांमध्ये आयन वाहून नेणाऱ्या द्रवाशी) होणाऱ्या अभिक्रियांमुळे त्याची क्षमता झपाट्याने घटते. या गटांनी त्यावर ॲल्युमिनिअम ऑक्साइडचा लेप चढवण्यासाठी ट्रायमिथाइल ॲल्युमिनिअम आणि पाण्याची वाफ यांची फक्त दोन आवर्तने दिली. एका आवर्तनात चढणारा थर साधारण 0.1 नॅनोमीटरचा असतो. चार्ज-डिस्चार्जच्या 120 फेऱ्यांनंतर लेप दिलेल्या पदार्थात 89 टक्के क्षमता उरली होती, तर लेप नसलेल्यात 45 टक्के. संथपणा हा या तंत्रावरचा जुना आक्षेप. पण दोन आवर्तनांत काम भागत असेल तर त्याची धार बरीच बोथट होते, असे मला वाटते. शिवाय जाड लेप येथे नकोच असतो, कारण तो लिथियम आयनांची वाट अडवतो. तयार इलेक्ट्रोडवरच लेप दिला तर कणाकणांतील विद्युत-संपर्क शाबूत राहतो, हेही याच सुमारास ऋण इलेक्ट्रोडमधील ग्रॅफाइटवर दिसून आले.

द्रवाऐवजी घन विद्युत-अपघटनी वापरणाऱ्या बॅटरीच्या बाबतीत फरक आणखी ठळक निघाला. मेरीलँड विद्यापीठातील संशोधकांनी अशा घन विद्युत-अपघटनीवर, म्हणजे गार्नेट प्रकारच्या सिरॅमिकवर, ॲल्युमिनिअम ऑक्साइडचा अतिपातळ थर दिला, तेव्हा लिथियम धातूशी असलेल्या सीमेवरील रोध 1,710 वरून सुमारे 1 ओहम-चौरस सेंटिमीटरवर आला.

आता अडचण मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाची आहे. भुकटीचा प्रत्येक कण वायूच्या झोतात तरंगत ठेवून त्याच्यावर सर्व बाजूंनी सारखा लेप चढवणाऱ्या भट्ट्यांवर सध्या बरेच प्रयत्न चालू आहेत.