सामुराई परिभाषा (मध्ययुगीन पुनर्मंचनातील)

मध्ययुगीन जीवनाच्या पुनर्मंचनात जपानी योद्ध्याची भूमिका घेणाऱ्यांच्या बोलण्यातले शब्द म्हणजे सामुराई परिभाषा. त्यात शस्त्रे, चिलखत, पोशाख, पदे आणि नावे आली. या शब्दांचे अर्थ कोशात सहज सापडतात. कोणता शब्द कोणत्या शतकातला, हे ठरवताना मात्र जाणकारही अडखळतात.

जपानबाहेर ही परिभाषा मुख्यतः 'सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम' या संस्थेमुळे रुजली. १ मे १९६६ रोजी कॅलिफोर्नियातील बर्कली येथे एका घराच्या परसात भरलेल्या मेळाव्यातून ती उभी राहिली. सतराव्या शतकापूर्वीचे जग हे तिचे क्षेत्र. सुरुवातीला भर युरोपवर होता. तरी जपानी व्यक्तिरेखा घेणारे सभासदही पुढे आले. १६०० ही सीमारेषा जपानच्या इतिहासातही नेमक्या जागी पडते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सेकिगाहाराची लढाई झाली आणि १६०३ मध्ये तोकुगावा इएयासु शोगुन, म्हणजे देशाचा लष्करी सत्ताधीश झाला. त्यानंतर जपानने अडीच शतके जवळपास शांततेत काढली. चित्रपटांनी जगाला दाखवलेला सामुराई बहुधा या शांततेच्या एदो काळातला असतो. पुनर्मंचनातला योद्धा मात्र त्याआधीच्या धामधुमीतला, म्हणजे १४६७ च्या ओनिन युद्धापासून पेटलेल्या सेंगोकु काळातला किंवा त्याहून जुना असावा लागतो.

'सामुराई' हा शब्द 'साबुराउ' म्हणजे सेवेत हजर राहणे या क्रियापदापासून आला. शस्त्रधारी माणूस या व्यापक अर्थाने 'बुशी' हा शब्द अधिक योग्य. 'आशिगारु' म्हणजे पायदळातला साधा शिपाई, 'दाइम्यो' म्हणजे मोठ्या मुलखाचा धनी. १५८८ मध्ये तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने शेतकऱ्यांकडची शस्त्रे काढून घेतली. तोवर नांगर आणि भाला एकाच घरात नांदत असत. म्हणून सोळाव्या शतकातला गावकरी-योद्धा ही भूमिका इतिहासाला धरून आहे, आणि ती फार थोडे लोक घेतात याचे वाईट वाटते. 'निंजा' हा उच्चार विसाव्या शतकात लोकप्रिय झाला. त्या काळी 'शिनोबी' म्हणत. 'बुशिदो' हा शब्द सेंगोकु काळातल्या माणसाच्या तोंडी घालणेही धोक्याचेच, कारण त्याला आज असलेला नीतिसंहितेचा अर्थ पुष्कळ नंतरचा आहे.

तलवारीच्या बाबतीत शब्द चुकला की पेहरावही चुकतो. 'ताची' कमरेला दोरीने टांगतात, धार खाली ठेवून. घोड्यावरून लढणाऱ्याची ती तलवार. 'काताना' कमरबंदात खोचतात, धार वर ठेवून, म्हणजे म्यानातून उपसतानाच वार करता येतो. बाराव्या शतकातल्या स्वाराचे सोंग घेतलेल्या माणसाने काताना खोचली, तर चिलखत कितीही अस्सल असले तरी जाणत्याची नजर आधी कमरेवर जाते. काताना आणि आखूड 'वाकिझाशी' यांची 'दाइशो' ही जोडी सामुराई वर्गाची खूण म्हणून कायम झाली ती एदो काळात. सोसायटीच्या चिलखत घालून होणाऱ्या झुंजीत धातूचे पाते चालत नाही. चिकटपट्टी गुंडाळलेल्या वेताची तलवार वापरतात. सरावाच्या लाकडी तलवारीला पाश्चात्त्य मंडळी 'बोक्केन' म्हणतात, जपानमध्ये 'बोकुतो' हा शब्द अधिक रूढ आहे.

चिलखतांची नावे त्यांच्या रचनेवरून ओळखावीत. 'ओ-योरोई' हे घोडेस्वार तिरंदाजाचे, पेटीसारख्या आकाराचे, सुमारे ३० किलोपर्यंत भरणारे चिलखत. त्याचा भार बराचसा खांद्यांवर येतो. 'दो-मारु' अंगाभोवती गुंडाळून उजव्या कुशीला बांधतात, 'हारामाकी' पाठीवर. 'कोझाने' नावाच्या शेकडो बारीक पट्ट्या रेशमी नाड्यांनी ओवून ही चिलखते घडत. सोळाव्या शतकात भाल्यांच्या फळ्या आणि बंदुका आल्या, तसे मोठ्या पत्र्यांचे 'तोसेइ गुसोकु' पुढे आले. तोसेइ म्हणजे 'आजकालचे'. हे नाव त्या काळच्या लोकांचेच. यातल्या एका प्रकाराला 'ओकेगावा-दो' म्हणतात, कारण त्याच्या पट्ट्या लाकडी पिंपाच्या फळ्यांसारख्या एकमेकींना जोडलेल्या दिसतात. सोसायटीतले अनेक हौशी कारागीर आज प्लॅस्टिकची पिंपे कापून कोझाने तयार करतात, भोके पाडतात आणि महिनोन्‌महिने नाड्या ओवतात. पट्टी प्लॅस्टिकची असली, तरी ओवण्याची रीत जुनीच असते आणि ती हाताने केल्याशिवाय कळत नाही. शिरस्त्राणाला 'काबुतो', त्यावरच्या पुढच्या चिन्हाला 'माएदाते' आणि चेहऱ्याच्या मुखवट्याला 'मेन्पो' म्हणतात.

सर्वांत अवघड प्रकरण नावाचे. आधी कुळाचे नाव, मग पद, मग व्यवहारातले नाव आणि शेवटी 'इमिना' म्हणजे खासगी नाव, असा क्रम असे. सोळाव्या शतकातला दाइम्यो ओदा नोबुनागा याचे नाव 'ओदा काझुसानोसुके साबुरो नोबुनागा' असे लिहिले जाई. इमिना उच्चारून हाक मारणे उद्धटपणाचे मानत, त्यामुळे मेळाव्यात कुणाला नुसते 'नोबुनागा' म्हणणे त्या काळच्या रीतीला सोडून होते. धन्याने आपल्या नावातले एक अक्षर चाकराला बहाल करणे हा मोठा मान होता. इएयासुचे तरुणपणीचे नाव 'मोतोनोबु'. त्यातला 'मोतो' त्याचा धनी इमागावा योशिमोतो याच्याकडून आला होता. योशिमोतो १५६० मध्ये मारला गेला आणि काही वर्षांतच इएयासुने ते अक्षर टाकून दिले. त्याच काळातला दाइम्यो ताकेदा शिंगेन याच्या नावातले 'शिंगेन' हे धर्मदीक्षेचे नाव, इमिना हारुनोबु.

पाठीवर खोवायच्या निशाणाला 'साशिमोनो', घराण्याच्या चिन्हाला 'कामोन' आणि रणात फुंकायच्या शंखाला 'होरागाई' म्हणतात. जपानमध्येही असे सोहळे होतात. योनेझावात दर वसंतात उएसुगी आणि ताकेदा या घराण्यांतली १५६१ ची कावानाकाजिमाची लढाई उभी करतात, तर फुकुशिमातील सोमा नोमाओई उत्सवात चिलखत घातलेले स्वार घोडी पिटाळतात. तिथे 'मुशा ग्योरेत्सु' म्हणजे योद्ध्यांची मिरवणूक आणि 'शुत्सुजिन' म्हणजे रणाकडे प्रस्थान, हे शब्द कानी पडतात.

तोड्याच्या बंदुकीला जपानमध्ये 'तानेगाशिमा' असेही नाव आहे. १५४३ मध्ये तानेगाशिमा याच नावाच्या बेटावर पोर्तुगीजांकडून ती प्रथम मिळाली. तिच्या चापाची घडण गोव्याच्या शस्त्रशाळेतल्या बंदुकांशी जुळते, असे काही शस्त्र-अभ्यासक मानतात. गोव्याचा दुसरा धागा माणसाचा आहे. जपानच्या सात्सुमा प्रांताचा आन्जिरो १५४८ मध्ये गोव्यात बाप्तिस्मा घेऊन 'पाउलो दे सांता फे' झाला आणि पुढच्या वर्षी फ्रान्सिस झेवियरला घेऊन कागोशिमाला परतला. तो सामुराई कुळातला असल्याचे मानले जाते. सोळाव्या शतकातली, दोन नावे आणि दोन पोशाख वागवणारी भूमिका कुणाला हवी असेल, तर त्याच्याइतका नेमका आधार क्वचितच मिळेल.