सजग स्वप्न आणि व्यक्तिमत्त्व

सजग स्वप्न : झोपेत असतानाच ‘हे स्वप्न आहे’ अशी जाणीव ज्यात होते, ते स्वप्न. प्रसंगांवर ताबा असणे ही त्याची अट नव्हे. ही संज्ञा डच मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक व्हान ईडन यांनी १९१३ मध्ये रूढ केली. फ्रेंच अभ्यासक एर्व्हे द सँ-दनी यांच्या १८६७ मधील ग्रंथाकडेही तिचे श्रेय दिले जाते; मात्र तेथील अर्थ आजचाच आहे का, याबद्दल मतभेद आहेत. पातंजल योगसूत्रातील ‘स्वप्ननिद्राज्ञानालम्बनं वा’ (१·३८) हे वचन काही जण या संदर्भात देतात. ते चित्तस्थैर्याच्या आलंबनाविषयी, म्हणजे मन स्थिर करण्यासाठी घ्यायच्या आधाराविषयी आहे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

प्रयोगशाळेतील पुरावा डोळ्यांच्या हालचालींतून मिळाला. स्वप्नयुक्त निद्रेत शरीराचे स्नायू शिथिल पडतात, पण डोळे हलवता येतात. इंग्लंडमधील हल येथे मानसशास्त्रज्ञ कीथ हर्न यांनी १९७५ मध्ये निद्रिस्ताने आधी ठरवून केलेले डावे-उजवे नेत्रसंकेत नोंदवले. पुढे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीव्हन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे तेच दाखवले. हनुवटीच्या स्नायूंचा आलेख सपाट आणि त्याच क्षणी डोळ्यांच्या आलेखावर ठरलेले ठळक हेलकावे, अशी जोडनोंद लागते. एरवी निद्रिस्त क्षणभर जागा झाला असावा, ही शंका उरते.

सजग स्वप्नांचा व्यक्तिमत्त्वाशी असलेला संबंध खरा, पण क्षीण आहे. नव्या अनुभवांविषयीचा मोकळेपणा, कल्पनेत रंगून जाण्याची वृत्ती आणि आपल्या आयुष्याची सूत्रे आपल्याच हाती आहेत ही धारणा, यांच्याशी तो आढळतो. भावनिक अस्थिरतेशी दिसणारा संबंध फसवा असू शकतो : २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन पाहणीत दुःस्वप्नांचे प्रमाण हिशेबात घेताच तो उरला नाही. स्वप्ने आठवण्याचे प्रमाणही असेच वजा करावे लागते. ज्याला स्वप्नेच आठवत नाहीत, तो सजग स्वप्न कुठून सांगणार? प्रश्नावलीत व्याख्या दिली नाही, तर लोक नुसते ठळक स्वप्नही ‘सजग’ म्हणून नोंदवतात. संख्या फुगण्याचे हे मोठे कारण आहे.

सरावासाठी सुमारे पाच तास झोपून उठावे, नुकतेच पडलेले स्वप्न बारकाईने आठवावे, ‘पुढच्या स्वप्नात हे स्वप्न आहे हे मला आठवेल’ असा संकल्प करत त्याच स्वप्नात स्वतःला सजग झालेले कल्पनेने पाहावे आणि पुन्हा झोपावे. सजगता येताच हर्षाने खाडकन जाग येणे, ही नवशिक्यांची नेहमीची अडचण आहे.