पायथनची स्क्रिप्ट डब्यात कशी गेली

२०१८ साली नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात पायथन या संगणकभाषेतली छोटीशी स्क्रिप्ट, म्हणजे प्रोग्रॅम, बसवायला गेलो होतो. वजनकाट्याच्या नोंदी उचलायच्या, पाळीनिहाय बेरीज करायची आणि साहेबांना मेल धाडायचा, एवढंच तिचं काम. कॉलेज रोडवर घरच्या लॅपटॉपवर ती बिनबोभाट चालायची. कारखान्यातल्या सर्व्हरवर मात्र सेंटओएस ६ (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा एक प्रकार) होतं, आणि त्यात पायथन २.६. मी नवं पायथन टाकलं आणि 'पायथन' ही कमांड सरळ त्याच्याकडे वळवली. स्क्रिप्ट चालली, पण 'यम' झोपलं. सेंटओएसवर पॅकेजं, म्हणजे तयार सॉफ्टवेअर, बसवणारं हे साधन स्वतःच पायथनमध्ये लिहिलेलं होतं आणि त्याला ते जुनंच पायथन हवं होतं. तिथले आयटीवाले दादा त्या दुपारी काय काय बोलले ते इथे छापण्यासारखं नाही.

आज अशी स्क्रिप्ट कुणीही डॉकर या साधनाच्या कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमला लागणारं सगळं सामान सोबत बांधलेल्या डब्यात, घालून देतो. ही सोय मोठाल्या सर्व्हर कंपन्यांच्या गरजेतून आली असं सांगितलं जातं. माझ्या मते तिच्यामागे स्क्रिप्टिंग भाषांचं दुखणंही तितकंच आहे. सी भाषेतला प्रोग्रॅम कंपाइल झाला की यंत्राला कळेल अशी फाइल तयार होते. स्क्रिप्ट म्हणजे नुसता मजकूर. तो वाचून चालवायला इंटरप्रिटर नावाचा प्रोग्रॅम लागतो, इंटरप्रिटरला लायब्रऱ्या (तयार कोडचे संच) लागतात आणि त्या लायब्रऱ्यांच्या पोटात पुन्हा सी भाषेतल्या लायब्रऱ्या असतात. म्हणजे दिली फक्त पाककृती. शेगडी, भांडी आणि मसाला ज्याचा त्याने बघावा.

लॅरी वॉल यांची पर्ल १९८७ मध्ये आली, गिडो व्हॅन रॉसम यांची पायथन १९९१ मध्ये, पीएचपी आणि रुबी १९९५ मध्ये. पुढे लिनक्सची स्वतःची साधनंही या भाषांत लिहिली जाऊ लागली आणि एकाच पायथनवर यंत्रणेचा व माणसाचा असा दुहेरी हक्क आला. तोडगा म्हणून इयन बिकिंग यांनी २००७ मध्ये व्हर्च्युअलएन्व्ह काढलं, म्हणजे प्रत्येक प्रकल्पाला पॅकेजांचं वेगळं कपाट. २०१२ च्या पायथन ३.३ मध्ये त्याच धर्तीचं 'व्हेन्व्ह' भाषेसोबतच मिळू लागलं. पण पायथनखालच्या सी लायब्रऱ्या या कपाटाबाहेरच राहिल्या. (माझ्यासारख्यांच्या कारभाराला अखेर २०२३ च्या डेबियन १२ या लिनक्सने चाप लावला. तिथे यंत्रणेच्या पायथनमध्ये पिप या पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या साधनाने काही टाकायला गेलं की ते सरळ नकार देतं.)

प्रोग्रॅमला वेगळं कोंडायची विद्या मात्र जुनी आहे. १९७९ च्या युनिक्समध्ये 'सीएचरूट' होतं: प्रोग्रॅमला एक फोल्डर दाखवायचं आणि जग एवढंच आहे असं पटवायचं. २००० मध्ये युनिक्सच्याच कुळातल्या फ्रीबीएसडीने 'जेल' आणलं, पुढे सोलारिसने 'झोन'. लिनक्समध्ये प्रोग्रॅमला यंत्राचा वेगळा देखावा दाखवणारे नेमस्पेस २००२ पासून तुकड्यातुकड्याने येत गेले. मेमरी आणि प्रोसेसरचा वाटा बांधून देणारे सीग्रुप्स गुगलच्या अभियंत्यांनी लिहिले आणि जानेवारी २००८ च्या २.६.२४ कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, ते दाखल झाले. त्याच वर्षी हे सगळं जोडणारं एलएक्ससी आलं, पण ते हाताळायला माणूस जाणकार लागे.

स्क्रिप्टची आणि कोंडण्याची, अशा दोन्ही वाटा होस्टिंगच्या, म्हणजे दुसऱ्यांचे प्रोग्रॅम आपल्या सर्व्हरवर चालवून देण्याच्या, धंद्यात एकत्र आल्या. हेरोकू या होस्टिंग सेवेची सुरुवात रुबीवाल्यांसाठी झाली. गुगलचं अॅप इंजिन २००८ मध्ये आलं तेव्हा त्यावर फक्त पायथन चालायचं. डॉटक्लाउड नावाची कंपनी पायथन, रुबी, पीएचपी, पर्ल असं सगळंच चालवून द्यायची आणि प्रत्येक गिऱ्हाइकाचा पसारा एलएक्ससीमध्ये वेगळा ठेवायची. तिचे संस्थापक सॉलोमन हाइक्स यांनी १५ मार्च २०१३ रोजी सांता क्लारामधल्या पायकॉनमध्ये, म्हणजे पायथनवाल्यांच्याच मेळाव्यात, पाच मिनिटांच्या भाषणात डॉकर दाखवलं. गंमत म्हणजे डॉकर स्वतः गो भाषेत लिहिलेलं. गो प्रोग्रॅमची एकच फाइल होते, तिला या डब्याची गरज सगळ्यात कमी!

डॉकरची करामत कोंडण्यापेक्षा बांधण्यात होती. इमेज, म्हणजे कंटेनरचा साचा, थरांची असते: खाली डेबियनच्या फाइली, वर पायथन, वर पॅकेजं, सगळ्यात वर आपली स्क्रिप्ट. स्क्रिप्टमध्ये एक ओळ बदलली तर फक्त वरचा थर नव्याने बनतो. म्हणून डॉकरफाइलमध्ये, म्हणजे इमेज बांधायच्या सूचनांच्या फाइलमध्ये, पॅकेजांची यादी आधी कॉपी करायची आणि कोड नंतर. क्रम उलटा ठेवला की प्रत्येक बदलाला सगळी पॅकेजं पुन्हा उतरवत बसा.

या डब्यात कर्नल मात्र नसतो, तो यजमान मशीनचाच वापरला जातो. पिंपळगावहून द्राक्षं घेऊन न्हावा शेव्याला जाणारा रीफर, म्हणजे थंड कंटेनर, आठवा. थंड करणारं यंत्र त्याच्या अंगावर असतं, पण वीज बाहेरून द्यावी लागते. तसंच हे.

डबा आला तरी स्क्रिप्टच्या खोडी गेल्या नाहीत. आकाराने चिमुकलं म्हणून लोकांनी अल्पाइन लिनक्स घेतलं. त्यात नेहमीच्या जीलिबसीऐवजी मसल ही सी लायब्ररी असते. त्यामुळे पायथनची तयार पॅकेजं तिथे चालत नसत आणि पिप सगळं मुळापासून कंपाइल करत बसायचं. तोपर्यंत चहा पिऊन या. मसलसाठी तयार पॅकेजांचं मानक ठरायला २०२१ उजाडलं.

दुसरी खोड जास्त छळते. कंटेनरमधली पहिली प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) क्रमांक १ ची असते, आणि तिला कर्नल वेगळी वागणूक देतो: थांबण्याच्या सिग्नलचं काय करायचं हे तिने स्वतः सांगितलं नसेल तर तो सिग्नल वायाच जातो. पायथनची साधी स्क्रिप्ट हे सांगत नाही. त्यामुळे 'डॉकर स्टॉप' म्हटलं की दहा सेकंद शांतता, मग डॉकर तिला जबरीने मारतो. जानेवारी २०१७ च्या डॉकर १.१३ मध्ये यासाठी 'इनिट' हा पर्याय आला.

अंबडची ती स्क्रिप्ट मी २०२० मध्ये कंटेनरमध्ये हलवली. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरचा फोन: "सर, सकाळी सातची पाळी रिपोर्टमध्ये रात्री दीडलाच सुरू झालीय, ओव्हरटाइम द्यायचा का?" डब्यातलं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, होतं, साडेपाच तास मागे. टाइमझोनची एक ओळ घातली आणि मिटलं.

त्या डब्यात पायथन ३.८ आहे. त्याची अधिकृत देखभाल ऑक्टोबर २०२४ मध्ये संपली. सुपरवायझरला ते माहीत नाही, नवीन आयटीवाल्यालाही नाही. रिपोर्ट रोज वेळेवर जातो.