मेंदूत गुंता, वागण्यात नाही

‘मी माझ्या वस्तू नीटनेटक्या ठेवतो.’ हे वाक्य तुम्हाला कितपत लागू पडतं? अशी १२ वाक्यं, प्रत्येकाला ० ते ४ गुण. ४८ पैकी जी बेरीज येईल, ते तुमचं काटेकोरपणाचं मोजमाप. असल्या प्रश्नावलीवरून पुढच्या स्मृतिभ्रंशाचा काही अंदाज बांधता येईल, हे मला आधी पटलंच नव्हतं.

शिकागोच्या रश विद्यापीठातले रॉबर्ट विल्सन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ९९७ कॅथलिक नन आणि धर्मगुरूंची पाहणी प्रसिद्ध केली. सुरुवातीला त्यांच्यापैकी कुणालाही स्मृतिभ्रंश नव्हता. दरवर्षी तपासणी व्हायची, काहींची तर बारा वर्षांपर्यंत. तेवढ्या काळात १७६ जणांना अल्झायमर झाला. काटेकोरपणात फार वर असलेल्यांचा धोका फार खाली असलेल्यांपेक्षा ८९ टक्क्यांनी कमी निघाला. (तुलना दोन टोकांची आहे, म्हणून आकडा एवढा डोळ्यांत भरतो.)

खरी गंमत मरणोत्तर तपासणीत आहे. या मंडळींनी मेंदूदानाला संमती दिली होती. अल्झायमरमध्ये मेंदूच्या पेशींबाहेर अमायलॉइड प्रथिनाची पुटं साचतात आणि पेशींच्या आत टाऊ प्रथिनाचे गुंते होतात. काटेकोर माणसांच्या मेंदूत ती पुटं, ते गुंते काही कमी नव्हते! पुढे २०२३ मध्ये आठ अभ्यासांतल्या ४४,५३१ लोकांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हाही हेच दिसलं. सतत चिंता करणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचं निदान जास्त, काटेकोर आणि माणसांत रमणाऱ्यांमध्ये कमी; मेंदूतल्या बिघाडाशी मात्र स्वभावाचा तसा ठाम संबंध नाही. म्हणजे स्वभाव आजार अडवत नसावा. आजार सोसत कामं चालू ठेवायला मेंदूला मदत करत असावा.

पण आजारच आधी चोरपावलांनी येऊन स्वभाव बदलत असेल तर? शंका रास्त आहे. त्यासाठी अमेरिकेतल्या, १९६० मध्ये शाळेत असलेल्या ८२ हजारांहून अधिक मुलांची माहिती उपयोगी पडली. त्या वयात आजाराचा प्रश्नच नव्हता. तेव्हा शांत, समंजस आणि उत्साही असलेल्यांमध्ये पन्नासेक वर्षांनी स्मृतिभ्रंशाचं प्रमाण कमी आढळलं.

मात्र शांत आणि समंजस स्वभावाचा हा फायदा खाऊनपिऊन सुखी घरांतल्या मुलांमध्ये दिसला. गरीब घरांतल्या मुलांमध्ये तो दिसलाच नाही.