हातांची लाकडी खुर्ची घरी करताना: मोजक्या हत्यारांनी काम करणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून रंधून आणि मापात कापून नेलेल्या लाकडाची हातांची खुर्ची स्वतः जोडू पाहणाऱ्या ग्राहकांसाठी हे पत्रक तयार केले आहे. फळी एका जाडीची करणे आणि तिच्या चारही बाजू काटकोनात आणणे हे यंत्राचे काम आहे आणि ते आमच्याकडे होऊन जाते. त्यानंतर घरी एक हातड्रिल, बारीक दातांची करवत, दोन पटाशा, छोटा रंधा, गुण्या (काटकोन तपासण्याचे साधन), मार्किंग गेज (कडेला समांतर रेघ आखण्याचे साधन), लाकडी हातोडा आणि चार क्लॅम्प एवढ्यावर खुर्ची उभी राहू शकते. गोल करवत किंवा राऊटर (लाकडात खाचा पाडणारे यंत्र) जवळ नाही म्हणून कोणी थांबू नये. मात्र पटाशी धार लावल्याशिवाय हाती घेऊ नये, कारण बोथट पटाशीला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती निसटून हातावर येते.

लाकूड घरी नेल्यावर लगेच कापायला घेऊ नका. ते आडव्या पट्ट्यांवर, मध्ये हवा खेळेल असे रचून, ज्या खोलीत खुर्ची राहणार आहे तिथेच एक-दोन आठवडे ठेवा. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत हवेतल्या ओलाव्याप्रमाणे फुगते आणि आकसते. याच कारणासाठी बैठक एकसंध रुंद फळीची न करता सुट्या पट्ट्यांची करावी आणि दोन पट्ट्यांमध्ये 8 ते 10 मिमी फट सोडावी, असा आमचा सल्ला असतो.

मापे ठरवताना बैठकीची पुढची कड जमिनीपासून सुमारे 430 मिमी उंच, मागची कड तिच्यापेक्षा 20 ते 25 मिमी खाली, बैठकीची खोली 450 मिमी आणि दोन्ही हातांमधील मोकळी जागा 500 मिमी धरावी. हात बैठकीपासून साधारण 220 मिमी उंचीवर असावेत. गादी वापरणार असाल, तर ही उंची माणूस बसल्यावर दबलेल्या गादीपासून मोजा. बसणारी व्यक्ती फार उंच किंवा ठेंगणी असल्यास आकड्यांवर विसंबू नका. ज्या खुर्चीत तिला बरे वाटते, ती मोजून घ्या.

खुर्चीचे काम अवघड वाटते ते तिच्या तिरप्या सांध्यांमुळे. आमच्या मते पहिल्या खुर्चीत ते सरळ टाळावेत. चारही पाय उभे आणि बाजूच्या आडपट्ट्या जमिनीला समांतर ठेवाव्यात, म्हणजे सांगाड्यातला प्रत्येक सांधा काटकोनात येतो. बैठकीचा उतार मिळवण्यासाठी बाजूच्या आडपट्टीच्या आतल्या अंगाला एक पट्टी तिरपी स्क्रूने बसवावी आणि तिच्यावर बैठकीच्या पट्ट्या टाकाव्यात. पाठीची चौकट वेगळी करून मागच्या पायांच्या मध्ये टेकवावी. तिला वरून हातांच्या उंचीवरील आडव्या दांड्याचा आधार मिळतो आणि खालून ती बैठकीच्या पातळीवर पुढे सरकवून अडवलेली असते. 220 मिमी उंचीच्या फरकात 12 अंशांचा कल हवा असेल, तर चौकटीचे खालचे टोक सुमारे 47 मिमी पुढे घ्यावे लागते. तेवढी लांबी बाजूच्या आडपट्ट्यांत आधीच वाढवा, नाहीतर बैठक आखूड पडेल.

आता मुख्य गोष्ट. माणूस मागे रेलतो तेव्हा सगळा ताण बाजूची आडपट्टी आणि मागचा पाय यांच्या सांध्यावर येतो, आणि आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या खुर्च्या बहुधा तिथेच खिळखिळ्या झालेल्या असतात. हा सांधा नुसत्या स्क्रूवर सोडू नये. आडपट्टीच्या टोकात लांबीच्या दिशेने गेलेला स्क्रू लाकडाच्या तंतूंना नीट पकडत नाही, आणि टोकाच्या कापावर लावलेला गोंदही फारसा धरत नाही. त्यासाठी खाच आणि कुसू यांचा सांधा हवा, म्हणजे पायात चौकोनी खाच आणि आडपट्टीच्या टोकाला त्या खाचेत बसणारी जीभ. कुसवाची जाडी आडपट्टीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश ठेवतात. 25 मिमी जाडीच्या पट्टीला 8 मिमीचे कुसू करा आणि पटाशीही 8 मिमीचीच घ्या. आडपट्टीची उंची 70 मिमी असली तर कुसू लांब-रुंद होते आणि गोंदाला भरपूर पृष्ठभाग मिळतो.

आधी खाच करा, कुसू नंतर, कारण कुसू तासून खाचेत बसवता येते, पण एकदा मोठी झालेली खाच लहान करता येत नाही. आखणी पेन्सिलीऐवजी धारदार सुरीने करावी, म्हणजे पटाशीला टेकायला कड मिळते. ड्रिलच्या पात्यावर खोलीच्या खुणेसाठी चिकटपट्टी गुंडाळा, शेजारी गुण्या उभा ठेवून ड्रिल सरळ आहे का ते पाहत एका रांगेत भोके पाडा आणि मग मधला भाग पटाशीने काढा. खाच कुसवाच्या लांबीपेक्षा 2 मिमी खोल असू द्या, जादा गोंद तिथे साठतो. कुसू हाताच्या दाबाने आत जावे आणि पट्टी उचलल्यावर आपोआप गळून पडू नये. हातोडा मारावा लागत असेल तर ते जाड आहे, आणि तसेच ठोकले तर पाय फाटतो. 45 मिमीच्या पायात दोन बाजूंनी येणारी कुसवे आत एकमेकांना भिडतात. अशा वेळी बाजूच्या आडपट्टीच्या कुसवाला पूर्ण लांबी द्या आणि पुढच्या किंवा मागच्या पट्टीचे तोकडे करा.

गोंद लावण्याआधी पूर्ण सांगाडा कोरडा जोडून पाहावा, दोन्ही कर्ण सारखे आहेत का ते मोजावे आणि प्रत्येक सांध्यावर अंक टाकावा. लाकडाचा नेहमीचा पांढरा गोंद काही मिनिटांतच आवळू लागतो. म्हणून घाई होऊ नये यासाठी पहिल्या दिवशी दोन बाजूंच्या चौकटी आणि दुसऱ्या दिवशी त्यांना जोडणाऱ्या आडपट्ट्या असे दोन टप्पे करणे सोयीचे ठरते. क्लॅम्प कमी पडल्यास जाड दोरी दुहेरी गुंडाळून तिच्यात काठी घालावी आणि पिळावी. पकड चांगली बसते, फक्त कोपऱ्यांवर पुठ्ठा ठेवा. सागासारख्या तेलकट लाकडाचा सांधा तासल्यानंतर फार दिवस न थांबता जोडावा.

हात पुढच्या पायावर कुसवाने आणि मागच्या पायाला खाच पाडून स्क्रूने बसतात. खुर्ची डुगडुगत असेल तर ती सपाट जागेवर ठेवून आखूड पायाखाली पाचर घाला, एकाच ठोकळ्यावर पेन्सिल टेकवून चारही पायांभोवती रेघ फिरवा आणि तिथे कापा.

शेवटी 120, 180 आणि 240 नंबरचे पॉलिश पेपर याच क्रमाने, तंतूंच्या दिशेने फिरवावेत. जवसाचे तेल लावल्यास त्याची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सुटते आणि अशा बोळ्याला आपोआप आग लागू शकते. चिंध्या मोकळ्या जागेत सुट्या पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

लाकडाची मागणी देताना सोबत प्रत्येक भागाची लांबी, रुंदी व जाडी मिलिमीटरमध्ये लिहिलेली यादी द्यावी. आडपट्ट्यांच्या लांबीत दोन्ही टोकांची कुसवे धरली आहेत की नाहीत हे यादीत स्पष्ट लिहावे, कारण तेवढी लांबी कमी पडली तर आमच्याकडे पट्टी पुन्हा नव्याने कापण्याखेरीज उपाय उरत नाही.