क्रॅश कुशन ट्रक

क्रॅश कुशन ट्रक म्हणजे रस्त्यावर काम करणाऱ्या माणसांच्या मागे उभा असणारा किंवा त्यांच्या मागोमाग हळूहळू चालणारा जड ट्रक, ज्याच्या पाठीला चार-पाच मीटर लांबीची चुरगळणारी उशी लावलेली असते. मागून कोणी झोपेत, मोबाईल बघत किंवा पिऊन गाडी घातलीच तर ती माणसांवर न जाता या उशीवर यावी एवढ्यासाठी तो तिथे असतो. माणसं म्हणजे खड्डे बुजवणारे, पट्टे मारणारे, दुभाजकातली झाडं छाटणारे, आणि त्या सगळ्यांच्या आधी रस्त्यावर उतरून लेन बंद करणारे ट्रॅफिकचे कोन (शंकू) मांडणारे. अमेरिकेत या गाडीला ट्रक माउंटेड अटेन्युएटर किंवा नुसतं टीएमए म्हणतात, ब्रिटनमध्ये इम्पॅक्ट प्रोटेक्शन व्हेईकल म्हणतात. आपल्याकडे अजून ती सर्रास दिसत नाही त्यामुळे तिला रुळलेलं मराठी नावही नाही, या नोंदीत कुशन ट्रक म्हटलंय.

उशी आत कशी चालते

100 किमी वेगाने येणारी कार उभ्या डंपरच्या मागे धडकली तर तिच्या बॉनेटच्या चुरगळण्यात जेमतेम अर्धा-पाऊण मीटर मिळतो, तेवढ्यात 100 वरून शून्यावर यायचं म्हणजे आतल्या माणसाला सरासरी 60-65 जी एवढा झटका बसतो (1 जी म्हणजे आपल्या स्वतःच्या वजनाएवढा जोर). तीच कार आणखी चार मीटर दबत दबत थांबली तर तो झटका 8-9 जी वर येतो, आणि बेल्ट लावलेला माणूस त्यातून वाचू शकतो. सगळी करामत या चार मीटरांची आहे. उशीत कुठे अॅल्युमिनियमची मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी असते, कुठे वाकवलेल्या नळ्या असतात ज्या एकामागून एक चेपत जातात, काही प्रकारांत पोलादी नळ्या केळीच्या सालीसारख्या उभ्या फाटत जातात. रबरासारखं परत उसळणारं काहीही चालत नाही, कारण उसळलं तर कार उलटी बाजूच्या लेनमध्ये फेकली जाईल. म्हणून उशी एकदाच वापरायची वस्तू आहे, चेपली की चेपली.

इथे एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे कामाच्या मागे नुसता डंपर आडवा लावायची पद्धत आहे, त्यानं मजूर बऱ्याच अंशी वाचतात हे खरं, पण धडकणाऱ्या कारमधलं कुटुंब वाचत नाही. अमेरिकेत रस्त्याच्या कामाच्या टप्प्यात मरणाऱ्यांमध्ये मजुरांपेक्षा गाड्यांमधली माणसंच जास्त असतात. त्यामुळे कुशन ट्रक फक्त मजुरांसाठी आहे असं मानणं चूक आहे, तो चुकणाऱ्या ड्रायव्हरसाठीही आहे, आणि चुकण्याची शिक्षा मरण असू नये एवढं तर आपण सगळे मान्य करू.

कुठून आली

क्रॅश कुशनच्या गोष्टीत अमेरिकन रेसिंग ड्रायव्हर जॉन फिच यांचं नाव येतंच. 1955 साली फ्रान्समध्ये ल माँच्या शर्यतीत त्यांच्या जोडीदाराची, पिएर लव्हे यांची, मर्सिडीज प्रेक्षकांत घुसली आणि 80 च्या वर माणसं गेली, फिच स्वतः त्याच गाडीत पुढची पाळी घेणार होते. नंतर त्यांनी वाळू भरलेल्या प्लास्टिकच्या पिंपांचा अडथळा बनवला, पुलाच्या खांबासमोर किंवा एक्झिटच्या फाट्यावर अशी पिवळी पिंपं अजूनही दिसतात. पण पिंपं एका जागी बसतात आणि पट्टे मारणारी टीम तर रात्रभर पुढे पुढे सरकत असते, तेव्हा उशीच ट्रकच्या पाठीला बांधायची कल्पना पुढे आली आणि 1970 च्या दशकात असे ट्रक अमेरिकेत कामावर दिसायला लागले. चाचणीचे नियम 1993 च्या एनसीएचआरपी 350 या अमेरिकन अहवालात ठरले, त्यांच्या जागी 2009 मध्ये मॅश हे नवं नियमपुस्तक आलं आणि 2016 मध्ये त्याची दुसरी आवृत्ती. मॅशमध्ये 1100 किलोची छोटी कार आणि 2270 किलोचा पिकअप अशा दोन गाड्या उशीवर आदळवून बघतात, टीएल-2 दर्जाला 70 किमी वेगाने आणि टीएल-3 ला 100 किमी वेगाने, सरळ, एका बाजूने आणि तिरक्या. टीएल-2 ची उशी शहरातल्या रस्त्याला ठीक आहे, एक्सप्रेसवेवर ती लावणं म्हणजे मजुरांना खोटा भरवसा देणं.

पुढची मोकळी जागा

या गाडीबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही. धडक बसल्यावर कुशन ट्रक स्वतः पुढे ढकलला जातो, त्यामुळे ट्रकच्या पुढच्या बंपरपासून पहिल्या मजुरापर्यंतची जागा पूर्ण रिकामी हवी. 10 टनाचा ट्रक हँडब्रेक लावून उभा आहे आणि दीड टनाची कार 100 ने आदळली, तर ढोबळ हिशोबाने दोन्ही मिळून 13 किमी वेगाने पुढे निघतात आणि चाकं लॉक असल्यामुळे कोरड्या रस्त्यावर एक-दोन मीटर घसरून थांबतात. तोच ट्रक न्यूट्रलमध्ये ब्रेक न लावता उभा असेल तर सपाट रस्त्यावर तो 60-70 मीटर सहज घरंगळत जाईल. फरक फक्त हँडब्रेकचा. म्हणून उभ्या कामात हँडब्रेक घट्ट, गाडी गिअरमध्ये आणि पुढची चाकं मजुरांपासून लांब वळवलेली असं ठेवतात. चालत्या कामात पाय ब्रेकवर असेलच असं नाही त्यामुळे अंतर वाढवावं लागतं, हायवेच्या वेगाला पन्नास मीटरच्या आसपास, ओल्या रस्त्यावर आणि उतारावर आणखी.

मग शंभर-दीडशे मीटर ठेवलं तर जास्त सुरक्षित नाही का, असं वाटतं. नाही, कारण मोठं अंतर दिसलं की गाड्या ट्रकला ओव्हरटेक करून मध्येच लेनमध्ये शिरतात आणि थेट मजुरांच्या पाठीवर येतात. अंतर कमी पडलं तर आपलाच ट्रक माणसांवर जातो, जास्त झालं तर परकी गाडी मध्ये घुसते, ड्रायव्हरचं सगळं कौशल्य या दोन चुकांच्या मधे राहण्यात आहे, आणि ते अंतर रात्रभर टिकवायचं असतं, पुढची टीम थांबत पळत असताना.

आणि ही जागा रिकामी दिसते ना, तिथेच सगळ्यांना जावंसं वाटतं. ट्रकच्या सावलीत डबा खायला बसणं, पाण्याचा जार ठेवणं, जनरेटर लावणं, मुकादमाची बाईक उभी करणं, यातलं काहीही चालत नाही. ट्रकच्या पुढ्यात उभं राहणं हे उघड्या लेनमध्ये उभं राहण्याइतकंच धोक्याचं आहे, फक्त ते तसं वाटत नाही.

ड्रायव्हरचं काम

बाकी सगळे धडक चुकवण्याच्या जागी असतात, या ट्रकचा ड्रायव्हर मात्र धडक अंगावर घेण्याच्या जागी बसलेला असतो, त्यामुळे त्याची काळजी आधी घ्यायला हवी. बेल्ट कायम, वेग 5 किमी असला तरी. सीटचा हेडरेस्ट डोक्याच्या मागे बरोबर उंचीला आणि डोकं त्याला टेकलेलं, कारण मागून धडक बसली की मान मागे फेकली जाते. वाकून मोबाईल बघताना किंवा खिडकीतून अर्धं बाहेर डोकावताना धडक बसली तर मानेचं नुकसान फार होतं. केबिनमध्ये सुटी हत्यारं, जॅक, स्टेपनी ठेवायची नाही. मागच्या हौद्यात वजन वाढवायला काँक्रीटचे ठोकळे किंवा पोलाद टाकतात तेही बोल्टने आवळलेलं हवं, सुटी खडी भरली तर धडकेच्या क्षणी ती मागे, धडकणाऱ्या गाडीकडे सरकते. ट्रक किती वजनाचा असावा हे उशी बनवणारी कंपनी ठरवून देते आणि ते पाळायचं असतं, हलका ट्रक फार पुढे उडतो, आणि प्रमाणाबाहेर जड केला तर धडकणाऱ्या कारला झटका जास्त बसतो.

नजर बहुतेक वेळ आरशात आणि हातात वायरलेस किंवा हॉर्न. मागून येणारी गाडी लेन सोडत नाहीये असं दिसलं तर पुढच्यांना ओरडून सांगायला दोन-तीन सेकंद मिळतात, तेवढ्यात काय शब्द वापरायचा आणि कुठल्या बाजूला पळायचं हे काम सुरू व्हायच्या आधी ठरलेलं पाहिजे. ट्रक एका जागी बराच वेळ उभा राहणार असेल तर ड्रायव्हरने आत बसून राहायची गरज नाही, उतरून कठड्याच्या पलीकडे सुरक्षित जागी जावं, उघड्या लेनच्या बाजूच्या दाराने न उतरता.

अमेरिकेत कोलोरॅडोच्या परिवहन खात्याने 2017 मध्ये ड्रायव्हर नसलेला कुशन ट्रक कामावर आणून दाखवला. पुढची गाडी माणूस चालवतो आणि मागचा ट्रक तिच्या वाटेचा तंतोतंत माग घेत येतो, म्हणजे मार खाणाऱ्या सीटवर कोणी बसतच नाही. मला या सगळ्या विषयातली ही सगळ्यात माणुसकीची सुधारणा वाटते.

निघण्याआधी आणि मांडताना

उशी प्रवासात वर उभी किंवा घडी केलेली असते आणि कामाच्या जागी हायड्रॉलिकने खाली येते. खाली आणताना मागे कोणी नको, आणि ती शक्यतो शोल्डरवर म्हणजे रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर, वाहत्या लेनच्या बाहेर उघडायची. पिना बसल्यात का, तेल गळतंय का, तळ रस्त्यापासून ठरवून दिलेल्या उंचीवर म्हणजे साधारण फूटभर आहे का, जुना चेप पडलाय का हे रोज बघायचं. उंची फार झाली तर छोटी कार उशीखाली घुसते, म्हणजे उशी असून नसल्यासारखी.

ट्रकवरचा बाणाचा बोर्ड दोन-तीन लेनच्या एकाच दिशेच्या रस्त्यावर लेन बदलायला सांगतो. पण समोरासमोर वाहतूक असलेल्या दोन पदरी रस्त्यावर बाण लावायचा नाही, तो लोकांना समोरच्या गाड्यांवर पाठवतो, तिथे फक्त चार कोपऱ्यांचे दिवे लुकलुकवायचे. वळणाच्या किंवा चढाच्या माथ्याच्या पलीकडे काम असेल तर निदान एक इशाऱ्याची गाडी अलीकडेच थांबवायची, दुरून दिसेल अशी, कारण 100 किमी वेगाला इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशोबाने थांबायला 180 मीटर दिसावे लागतात.

सगळ्यात वाईट वेळ कोन मांडण्याची आणि उचलण्याची. तेव्हा लेन बंद झालेली नसते पण माणसं मात्र रस्त्यावर असतात. मांडताना वाहतुकीच्या दिशेने पुढे जायचं, उचलताना शेवटच्या कोनापासून उलटं मागे येत, आणि दोन्ही वेळेला कुशन ट्रक मागे हवाच. काम संपलं, घरी जायची घाई झाली म्हणून ट्रक आधी पाठवून देणं ही चूक जगभर होते.

धडक बसलीच तर आधी मोजणी, सगळी माणसं आहेत का. धावत उघड्या लेनमध्ये जायचं नाही, मागून दुसरी गाडी येतच असते. ड्रायव्हर मला काही झालं नाही म्हणाला तरी दवाखान्यात न्यायचं कारण मानेचं दुखणं दुसऱ्या दिवशी वर येतं. आणि चेपलेली उशी ठोकून सरळ करून परत लावायची नाही, नवीन भाग येईपर्यंत काम बंद.

महाराष्ट्रात

आपल्याकडे रस्त्याच्या कामासाठी इंडियन रोड्स काँग्रेसचं एसपी 55 आहे, 2014 ची आवृत्ती, त्यात आधी सूचना, मग लेन आटवणं, मग काम आणि मग शेवट असे टप्पे नीट सांगितलेत. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी झाडाची फांदी, चुना मारलेले दगड आणि लाल फडकं घेतलेला एक पोरगा एवढंच असतं. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर कारला 100 आणि सपाटीला ट्रकला 80 ची मर्यादा आहे, समृद्धीवर कारला 120, आणि समृद्धीच्या सरळसोट काँक्रीटवर ड्रायव्हरला झापड येते याची चर्चा तर किती झाली. झापड आलेला माणूस बोर्ड वाचत नाही, कोन बघत नाही, त्याच्यासाठी उरतो तो फक्त कुशन ट्रक.

पण एक अडचण मोठी आहे आणि ती लपवून चालणार नाही. या उशा कार आणि पिकअपसाठी तपासलेल्या असतात. 25 टनाचा भरलेला ट्रक 80 ने येऊन 10 टनाच्या कुशन ट्रकवर आदळला तर उशी क्षणात संपते आणि दोघं मिळून 55 किमीच्या वर वेगाने पुढे निघतात, मागचा ड्रायव्हर झोपलेला असेल तर ब्रेक फक्त आपल्याच ट्रकचे, म्हणजे थांबायला 70-75 मीटर. आपल्या हायवेवर रात्री जड ट्रकच जास्त असतात, त्यामुळे परदेशातला अंतराचा तक्ता जसाच्या तसा उचलून चालणार नाही. बोरघाटाच्या उतारावर तर हे अंतर आणखी वाढतं. तिथे गॅन्ट्री (रस्त्यावरची लोखंडी कमान) बसवताना एमएसआरडीसी, म्हणजे राज्याचं रस्ते विकास महामंडळ, दुपारी तास-दोन तासांचा ब्लॉक घेऊन एक बाजू पूर्ण बंद करते, लोक वैतागतात, पण जिथे वाहतूक पूर्ण थांबवता येते तिथे तेच करावं, आणि जिथे नाही थांबवता येत तिथे जड कुशन ट्रक, त्याच्याही मागे दुसरा इशाऱ्याचा ट्रक आणि पुढे भरपूर रिकामी लेन.